साठ जखमी एकदम आले तर : पुण्यातल्या रुग्णालयाचा पहिला तास

१३ फेब्रुवारी २०१० च्या संध्याकाळी कोरेगाव पार्कमधल्या जर्मन बेकरीत बॉम्बस्फोट झाला. १७ जणांचा जीव गेला, साठच्या आसपास माणसं जखमी झाली आणि शहरातल्या वेगवेगळ्या रुग्णालयांत पोचली. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव दरडीखाली गेलं. दीडशेवर माणसं दगावली, जिवंत हाती लागली ती अगदी मोजकी. १५ जून २०२५ ला मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळला. चार मृत्यू झाले, जखमी पन्नासच्या आसपास.

या तिन्हींत मृतांचा आकडा माळीणचा सर्वांत मोठा. पण रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीवर, म्हणजे तातडीच्या विभागावर, सर्वांत जास्त ताण येतो तो जर्मन बेकरीसारख्या घटनेत. जखमी खूप, जखमा खोल, आणि सगळे तासाभरात दारात. रुग्णालयानं तयारी करायची ती या हिशेबानं: पहिल्या तासात, वाचवता येण्याजोगे असे किती गंभीर जखमी येतील, आणि त्यांतले किती आपण खरोखर हाताळू शकू?

याचा एक जुना ठोकताळा आहे. १०० खाटांमागे ताशी दोन ते तीन गंभीर जखमी. म्हणजे ५०० खाटांचं मोठं रुग्णालयसुद्धा तासाला १० ते १५ गंभीर जखमींनाच नीट उपचार देऊ शकतं. ५० खाटांच्या नर्सिंग होमची मजल एका जखमीपर्यंत. दुसऱ्याचा रक्तस्राव थांबवायचा, श्वासमार्ग मोकळा करायचा आणि त्याला पुढं पाठवायचं. रिकाम्या खाटा किती, यावर हे ठरत नाही. रात्री दोन वाजता एकाच वेळी किती ऑपरेशन टेबलं चालू शकतात, २० मिनिटांत पोचणारे भूलतज्ज्ञ किती, मोकळे व्हेंटिलेटर किती, आयसीयूत सिस्टर किती, यावर ठरतं. या चारांतला सर्वांत लहान आकडा ही तुमची खरी क्षमता. तो आकडा कागदावर लिहून कॅज्युअल्टीच्या भिंतीवर लावलेला असावा. दिवसाचा वेगळा, रात्रीचा वेगळा.

आधी कोण येतं

आधी येतात ते चालू शकणारे. रिक्षातून, कुणाच्या दुचाकीवर मागं बसून, पोलिसांच्या गाडीतून. घटनास्थळापासून जे रुग्णालय सर्वांत जवळ, तिथं ते १५-२० मिनिटांत पोचतात. हाताला काच लागलेली, कान बधिर झालेले, घाबरून थरथरणारे. खरे गंभीर जखमी मागाहून येतात, कारण त्यांना बाहेर काढायला वेळ लागतो. तोवर कॅज्युअल्टीतल्या सगळ्या ट्रॉल्या किरकोळ जखमींनी अडवलेल्या असतात, दोन रेसिडेंट डॉक्टर टाके घालत बसलेले असतात आणि पोट फुटलेला माणूस पोर्चमध्ये जमिनीवर असतो. माद्रिदमध्ये ११ मार्च २००४ ला रेल्वेगाड्यांत स्फोट झाले तेव्हा ग्रेगोरियो मारान्योन या एकाच रुग्णालयात अडीच तासांत पावणेतीनशेच्या आसपास जखमी आले. अत्यवस्थ होते तीसच्या आत. ते तीस त्या गर्दीतून वेळेत वेगळे काढणं हे पहिल्या तासाचं खरं काम.

पुण्याची एक अडचण नकाशात आहे. ससून, जहांगीर, रुबी हॉल ही मोठी रुग्णालयं स्टेशनच्या परिसरात एकमेकांच्या जवळ आहेत. केईएमही रास्ता पेठेत, फार लांब नाही. मोठ्या अपघातांच्या जागा मात्र शहराच्या कडेला किंवा बाहेर: नवले पुलाचा उतार, द्रुतगती मार्ग, चाकण आणि कुरकुंभची एमआयडीसी, दिवेघाट. कडेच्या घटनेत पहिला लोंढा गावातल्या लहान रुग्णालयावर आदळतो, आणि मध्यवर्ती रुग्णालयं तयार होऊन वाट बघत बसतात. पेठांतल्या किंवा कॅम्पमधल्या घटनेत उलटं होतं. सगळे एकाच रुग्णालयाकडं धावतात आणि अर्ध्या किलोमीटरवरच्या दुसऱ्याच्या दारात शुकशुकाट.

म्हणून वाटणी घटनास्थळीच व्हायला हवी. गंभीर जखमी जवळच्या, ऑपरेशनची सोय असलेल्या रुग्णालयात. एका रुग्णालयात एका फेरीला दोन-तीनच. चालू शकणारे मुद्दाम लांबच्या रुग्णालयात. त्यांच्यासाठी अॅम्ब्युलन्स लागतच नाही. पीएमपीएमएलची एक बस, सोबत एक डॉक्टर, एक सिस्टर आणि ड्रेसिंगची पेटी एवढ्यावर तीस-पस्तीस माणसं एका खेपेत जातात, आणि १०८ च्या गाड्या गंभीरांसाठी मोकळ्या राहतात. १०८ ची सेवा राज्यात २०१४ पासून आहे आणि तिचा नियंत्रण कक्ष पुण्यातच, औंधला आहे. रुग्णालयांनी आपला तो भिंतीवरचा आकडा या कक्षाला दर पाळीला कळवला, तर वाटणीला आधार मिळतो. नाहीतर अॅम्ब्युलन्सचा चालक नेहमीच्या सवयीनं नेहमीच्याच दारात येतो.

दारातली निवड

ट्रायाज, म्हणजे जखमींची तातडीप्रमाणे वर्गवारी, दाराच्या बाहेर व्हायला हवी. आत नको. पोर्चमध्ये, छपराखाली, चांगल्या उजेडात. आत जायला एकच दार, आणि आत गेलेला जखमी त्याच दारानं परत बाहेर येणार नाही अशी एकेरी वाट. या जागी कोण उभं राहणार? आमचं ठाम मत आहे की अनुभवी इमर्जन्सी डॉक्टर किंवा ज्येष्ठ सर्जन. बहुतेक ठिकाणी इथं इंटर्नला उभं करतात, कारण "सीनियर ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) लागतील". अननुभवी माणूस घाबरून प्रत्येकाला लाल, म्हणजे सर्वांत तातडीची, पट्टी बांधतो. लाल विभागात चाळीस माणसं झाली की खरे लाल त्यांच्यात हरवतात. स्फोटांच्या घटनांचा अभ्यास झालेला आहे आणि त्यात दिसलेली गोष्ट अशी: किरकोळ जखमींना गंभीर ठरवण्याचं प्रमाण जितकं जास्त, तितके गंभीरांतले मृत्यू जास्त.

वर्गवारीची 'स्टार्ट' पद्धत १९८३ मध्ये कॅलिफोर्नियात तयार झाली. ती एका जखमीमागे एका मिनिटाच्या आत उरकते. आधी मोठ्यानं सांगायचं, "ज्यांना चालता येतंय त्यांनी त्या झाडाखाली जा." गेले ते हिरवे, म्हणजे किरकोळ जखमी. उरलेल्यांत श्वास बघायचा. श्वास नसेल तर मान सरळ करून श्वासमार्ग मोकळा करायचा. तरीही श्वास आला नाही तर काळा, म्हणजे वाचण्याची आशा नसलेला; आला तर लाल. श्वास मिनिटाला ३० पेक्षा जास्त, तर लाल. मनगटाची नाडी लागत नाही, किंवा नख दाबून सोडल्यावर रंग परतायला दोन सेकंदांहून जास्त लागतात, तर लाल. "माझा हात दाबा" हे समजत नाही, तरी लाल. यांतलं काहीच नाही आणि चालताही येत नाही, तो पिवळा, म्हणजे थोडा वेळ थांबू शकणारा. या एका मिनिटात उपचार दोनच: श्वासमार्ग मोकळा करणं आणि भळभळणारं रक्त दाबून थांबवणं. टाके नाहीत, सलाईन नाही, सीपीआर नाही.

लहान मुलांना हेच नियम लावले तर चूक होते. मुलाचा श्वास आधी थांबतो, हृदय थोडा वेळ चालू राहतं. म्हणून श्वास नसला पण नाडी लागत असली तर मुलाला पाच कृत्रिम श्वास द्यायचे आणि मग ठरवायचं. त्यांच्यासाठी श्वासाची मर्यादाही वेगळी: मिनिटाला १५ पेक्षा कमी किंवा ४५ पेक्षा जास्त, तर लाल.

हिरव्यांना दर १५ मिनिटांनी पुन्हा तपासायला हवं. स्फोटातला माणूस चालत येतो, बोलतो, आणि तासाभरात त्याच्या फुप्फुसाला झालेली इजा बोलू लागते. अपघातातल्या माणसाच्या पोटात रक्त साचत असतं. हिरव्या विभागाकडं लक्ष नसणं ही वारंवार होणारी चूक आहे. काळ्या विभागाचंही तसंच. तिथं एक सिस्टर हवी. श्वास चालू आहे पण वाचण्याची आशा नाही असे जखमीही तिथंच ठेवले जातात, त्यांना वेदनाशामक हवंच. आणि गर्दी ओसरली की त्यांनाही पुन्हा तपासायचं असतं.

आत काय अडतं

मोठी दुर्घटना झाल्याची घोषणा रुग्णालयात कोण करणार, इथंच पहिली दहा मिनिटं जातात. ड्यूटीवरचे सीएमओ (कॅज्युअल्टीचे वैद्यकीय अधिकारी) अधीक्षकांना फोन लावतात, अधीक्षक मीटिंगमध्ये किंवा झोपेत असतात, त्यांचा फोन लागेपर्यंत काही हलत नाही. हा अधिकार कॅज्युअल्टीत हजर असलेल्या सर्वांत ज्येष्ठ डॉक्टरला लेखी दिलेला असावा. खोटी सूचना निघाली तर त्याला जाब विचारला जाणार नाही, हेही त्यातच लिहावं.

फोनवर सूचना आली तर सहा गोष्टी विचारून लिहून घ्यायच्या: नेमकी जागा, काय घडलं, अजून धोका आहे का (गॅस, आग, लोंबत्या तारा), यायला कुठला रस्ता मोकळा, जखमी अंदाजे किती आणि किती गंभीर, तिथं कोण पोचलंय.

सगळ्यांना एकदम बोलावू नका. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर निरोप गेला की शंभर जण येतात, कॉरिडॉर भरतात, आणि बारा तासांनी दुसरी पाळी लावायला कुणी ताजं उरत नाही. यादी आधीच दोन भागांत केलेली असावी: पहिले या, दुसऱ्यांनी घरी झोपा आणि सकाळी या. मोबाइलची रेंज दाटीमुळं कोलमडते, म्हणून गेट, कॅज्युअल्टी, ओटी, रक्तपेढी यांच्यात वॉकीटॉकी किंवा अंतर्गत फोन हवा. तोही नसेल तर निरोप्या म्हणून चार विद्यार्थी नेमा.

लाल विभागात एका जखमीमागे एक डॉक्टर, एक सिस्टर, एक वॉर्डबॉय. पिवळ्यात चार-पाच जखमींमागे एक डॉक्टर आणि दोन सिस्टर. हिरवे चक्क ओपीडीत. तिथं फिजिशियन, त्वचारोगतज्ज्ञ, दंतवैद्यसुद्धा काम करू शकतात.

सर्वांत घट्ट बूच बसतं ते सीटी स्कॅनला. एरवी ज्याच्या त्याच्या डोक्याचा आणि पोटाचा सीटी होतो. पहिल्या दोन तासांत तो फक्त ज्यांच्या ऑपरेशनचा निर्णय त्याच्यावाचून अडला आहे अशा जखमींचा करायचा, आणि कुणाचा करायचा हे एकच माणूस ठरवणार. पोटात रक्त आहे का हे कॅज्युअल्टीतल्या सोनोग्राफीवर दोन मिनिटांत दिसतं. रक्ताच्या तपासण्यांत गट आणि हिमोग्लोबिन पुरे. ऑपरेशनही आखूडच: रक्तस्राव थांबवा, फाटलेलं आतडं बांधा, पोट तात्पुरतं झाका, आयसीयूत न्या. तासा-दीड तासात टेबल मोकळं झालं पाहिजे. उरलेली दुरुस्ती उद्या-परवा.

ट्रॉल्यांचा हिशेब कुणी ठेवत नाही. अॅम्ब्युलन्सवाला जखमीसकट आपलं स्ट्रेचर आत सोडतो आणि रुग्णालयाची ट्रॉली घेऊन जातो. दहा फेऱ्यांनंतर पोर्चमध्ये काहीच उरत नाही. ट्रॉल्या परत आणणं एवढ्या एकाच कामावर दोन मामा (वॉर्डबॉय) नेमा. एक लिफ्ट चावीनं अडवून लिफ्टमन बसवा. ती फक्त कॅज्युअल्टी ते ओटी अशीच फिरेल.

केसपेपरचा गोंधळ जिवावर बेततो. दहा बेशुद्ध माणसांचे दहा "अनोळखी पुरुष" आणि त्यांचे ओळीनं येणारे नंबर. रक्ताची बाटली एकाची, चढते दुसऱ्याला. म्हणून आधीच तयार केलेले पन्नास संच हवेत. प्रत्येकात मनगटी पट्टी, केसपेपर, रक्तनमुन्याच्या लेबल लावलेल्या ट्यूब, सामानाची पिशवी, आणि या सगळ्यांवर एकच ओळख. आकड्यांऐवजी झाडांची नावं दिली तर गल्लत कमी होते: पुरुष पिंपळ, पुरुष कडुलिंब. नाव कळलं तरी पहिले २४ तास हीच ओळख चालू ठेवावी, मध्येच बदलू नये. एमएलसीचं, म्हणजे पोलीस केसच्या नोंदीचं, काम उपचार अडवू शकत नाही. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्येच सांगितलं आहे की आधी जीव, मग कागद. पण कपडे, छर्रे, खिशातलं सामान लेबल लावून कागदी पिशवीत ठेवा. प्लास्टिकमध्ये ओले कपडे कुजतात आणि पुरावा जातो.

रक्त, ऑक्सिजन, सामान

दुर्घटनेनंतर रक्तदानासाठी रांगा लागतात. भावना खरी असते. पण आज घेतलेल्या रक्ताची एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिस, मलेरिया यांची तपासणी व्हायला काही तास जातात. पहिल्या तासात चढतं ते कालच्या दात्यांचं. शिवाय लाल पेशी ३५ ते ४२ दिवसच टिकतात, म्हणजे एकाच दिवशी घेतलेल्या शेकडो पिशव्या एकाच आठवड्यात वाया जायच्या बेतात येतात. दात्यांची नावं, गट, फोन लिहून घ्या आणि पुढच्या तीन आठवड्यांत थोडे थोडे बोलवा. ओ निगेटिव्ह आपल्याकडं शंभरात जेमतेम दोघांचं. ते मुली आणि मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांसाठी राखा. पुरुषांना आणि उतारवयाच्या स्त्रियांना गट कळेपर्यंत ओ पॉझिटिव्ह चालतं.

ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड स्वस्त आहे आणि रक्तस्रावातले मृत्यू कमी करतं. १ ग्रॅम, दहा मिनिटांत सावकाश शिरेतून, इजेपासून तीन तासांच्या आत. नंतर पुढच्या आठ तासांत आणखी १ ग्रॅम. तीन तास उलटले तर देऊ नका.

मोठ्या डी टाइप सिलिंडरमध्ये साधारण ७,००० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला १० लिटरच्या वेगानं एका जखमीला तो साडेअकरा तास पुरतो. लहान बी टाइपमध्ये १,५०० लिटर, म्हणजे अडीच तास. पोर्चमध्ये आणि ओपीडीत पाइपलाइन नसते, तिथं सिलिंडरच लागतात. ते खोलीत असतात, पण फ्लोमीटर (ऑक्सिजनचा वेग मोजणारं उपकरण) आणि चावी दुसऱ्या कुलपात असते. चावी सिलिंडरला साखळीनं बांधा.

सामानाची ट्रॉली दहा जखमींमागे एक अशी लावा: शिरेत घालायच्या जाड सुया, म्हणजे व्हेनफ्लॉन (१६ आणि १८ गेज) ३०, अर्ध्या लिटरच्या सलाईन २०, मोठे दाबपट्टे ४०, टूर्निके (हाता-पायाचं रक्त थांबवायला आवळायचे पट्टे) ६, छातीतल्या नळ्या पिशव्यांसह ४, कपडे कापायच्या कात्र्या ३, घोंगड्या १०, पक्क्या शाईचे मार्कर ५. घोंगड्या लोक विसरतात. रक्त गेलेलं शरीर थंड पडलं की रक्त गोठत नाही.

इमारत किंवा भिंत पडल्यावर ढिगाऱ्याखाली तास-दोन तास चिरडलेला पाय एकदम मोकळा केला तर स्नायूंतलं पोटॅशियम रक्तात उतरतं आणि हृदय बंद पडतं. वजन उचलायच्या आधी सलाईन सुरू हवी, तासाला एक लिटर, आणि ती साधी नॉर्मल सलाईन. आरएलमध्ये (रिंगर लॅक्टेट सलाईनमध्ये) पोटॅशियम असतं. तळेगावजवळ सुदुंबऱ्याला एनडीआरएफची, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, पाचवी तुकडी आहे. तिच्या जवानांबरोबर रुग्णालयानं एक डॉक्टर पाठवला तर हे जागेवर होतं. क्लोरिनसारख्या वायूची गळती असेल तर जखमींचे कपडे बाहेरच काढून पाण्यानं धुवा. बहुतेक रसायन कपड्यांबरोबरच जातं. तसंच आत घेतलं तर कॅज्युअल्टीच बंद करावी लागते.

वॉर्ड रिकामे करताना

ठरवलेली ऑपरेशनं थांबवा, हा निर्णय सोपा. अवघड आहे ते भरती असलेल्यांना हलवणं. प्रत्येक वॉर्डच्या इनचार्ज सिस्टरनं रोज सकाळच्या राउंडला एकच खूण करावी: आज गरज पडली तर कोण घरी जाऊ शकतो. मग वेळेवर वाद होत नाहीत. बिलाची खिडकी आणि विमा कंपनीची परवानगी यांत डिस्चार्ज चार-चार तास अडतो, म्हणून अशा दिवशी रुग्ण आधी खाट सोडेल आणि बिल मागाहून होईल, असं व्यवस्थापनानं आधीच ठरवून ठेवावं.

नातेवाईकांसाठी वेगळी जागा द्या, कॅज्युअल्टीपासून लांब. पाणी, पंखा, चार्जिंगची सोय, आणि दर अर्ध्या तासानं यादी वाचून दाखवणारा एक माणूस. बातमी नसली तरी वाचायला यायचंच. माहिती मिळाली नाही की लोक आत घुसतात, ते साहजिकच आहे. मान्यवर आणि कॅमेरे येणारच. त्यांच्यासाठीही एक खोली आणि एक प्रवक्ता ठरवा. ताफा अॅम्ब्युलन्सच्या गेटातून येणार नाही, हे पोलिसांशी आधीच बोलून ठेवायला हवं.

सोसायटी, मंडळ, दिंडी

ढोल-ताशा पथकं, गणेश मंडळं, वारीतल्या दिंड्या यांच्याकडं शिस्तीत काम करणारे हात आहेत. त्यांना पहिल्या दहा मिनिटांची तीन कामं शिकवा. पहिलं, रक्त दाबून धरणं: स्वच्छ कापड, दोन्ही तळवे, पूर्ण वजन, मध्ये उचलून बघायचं नाही. हाता-पायाचं रक्त तरीही थांबत नसेल तर जखमेच्या वर तीन बोटं, सांधा सोडून, रुंद ओढणी काठीनं पिळून घट्ट करा आणि कपाळावर वेळ लिहा. दोरी किंवा वायर वापरू नका, ती मांसात रुतते. दुसरं, रुतलेली वस्तू काढायची नाही आणि गंभीर जखमीला पाणी पाजायचं नाही. तिसरं, रस्ता. लक्ष्मी रस्त्यावर किंवा पालखीच्या मुक्कामाच्या भागात अॅम्ब्युलन्स आत जाण्याइतकीच बाहेर पडणंही महत्त्वाचं, म्हणून दोरीवाले कार्यकर्ते दोन्ही टोकांना हवेत.

मदत करणाऱ्याला पोलिसांचा ससेमिरा लागेल ही भीती अजून आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं आलेलं कलम १३४ ए अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला संरक्षण देतं. नाव-पत्ता सांगण्याची त्याच्यावर सक्ती नाही. प्रत्येक रुग्णालयाच्या दारात हे मराठीत, मोठ्या अक्षरांत लावलेलं असावं, आणि गेटवरच्या सुरक्षारक्षकालाही ते ठाऊक असावं.

सराव

बहुतेक सराव बुधवारी सकाळी अकराला होतात. सगळे हजर, विद्यार्थी लाल रंग लावून झोपलेले, फोटो निघतात. त्यातून आगीची घंटा वाजते की नाही एवढंच कळतं. वर्षातून एक सराव रविवारी पहाटे, न सांगता करा, आणि त्यात फक्त चार गोष्टी घड्याळ लावून मोजा: फोन आल्यापासून घोषणा होईपर्यंतची मिनिटं, पहिल्या दहा ट्रॉल्या पोर्चमध्ये यायला लागलेला वेळ, पन्नास संचांचं कपाट उघडायला लागलेला वेळ, आणि बोलावलेल्यांपैकी अर्ध्या तासात प्रत्यक्ष पोचलेले भूलतज्ज्ञ. मग नकली जखमींपैकी वीस जणांच्या पट्टीचा रंग ज्येष्ठ सर्जनकडून पुन्हा तपासून घ्या आणि किती चुकले ते लिहा. त्याच आठवड्यात त्या कपाटाची दुसरी चावी सीएमओच्या टेबलावर आली पाहिजे, आणि भिंतीवरचा रात्रीचा आकडा त्या पहाटे जितके भूलतज्ज्ञ आले त्याप्रमाणे खाली आणला पाहिजे.